बँकॉकमध्ये दोघांचं बजेट कुठे फुटतं: या चुका टाळा

बँकॉकमधलं आमचं पहिलं भांडण सकाळी साडेसातला झालं. हॉटेलच्या लॉबीत, दोन बॅगा मध्ये ठेवून. मुंबईहून रात्रीचं विमान घेतलं, कारण ते स्वस्त होतं आणि "एक दिवस जास्त मिळेल" असा नवऱ्याचा हिशेब होता. पहाटे उतरलो. काउंटरवरच्या मुलीने हात जोडून, गोड हसून सांगितलं, खोली दुपारी दोनला मिळेल. आत्ताच हवी असेल तर अर्ध्या दिवसाचं भाडं पडेल. एकाला झोप हवी होती, दुसरीला पैसे वाचवायचे होते.

रात्रीचं विमान घ्यायला हरकत नाही, पण पहिली सकाळ बिनखोलीची आहे हे घरून निघतानाच मान्य करा. बहुतेक हॉटेलं बॅगा फुकट ठेवून घेतात. दात घासायचं सामान आणि एक सुती कपड्यांचा जोड हँडबॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि सरळ लुम्फिनी पार्क गाठा. पहाटेपासून उघडं असतं, तिकीट नाही, आणि तळ्याकाठी हातभर, कधी पुरुषभर लांबीच्या घोरपडी निवांत फिरतात. त्या दिवशी राजवाडा वगैरे ठेवूच नका. झोप न झालेल्या माणसाला पाचशे बाटचं तिकीट दाखवू नये.

पाचशे बाट म्हणजे किती? दर रोज हलतो, पण एका बाटला तीन रुपये धरून चाललं की खिसा दगा देत नाही.

खोली स्वस्त, सोई लांब

बँकॉकमध्ये मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला सोई म्हणतात. आमचं हॉटेल अशाच एका सोईच्या शेवटी होतं. स्टेशनजवळच्या खोलीपेक्षा रात्रीला तीनशे बाट कमी, फोटोत पोहण्याचा तलाव, आणि "स्टेशनपासून फक्त १.८ किलोमीटर". पुण्यात हे अंतर आपण बोलत बोलत कापतो. तिथल्या दमट उन्हात दुसऱ्याच वळणावर बोलणं बंद होतं.

सोईच्या तोंडाशी केशरी जाकीटवाले मोटरसायकलवाले उभे असतात. एकटा प्रवासी त्यांच्या मागे बसून दोन मिनिटांत पोहोचतो. दोघांना दोन मोटरसायकली लागतात, म्हणजे भाडंही दुप्पट. मग आम्ही ॲपवरून गाडी बोलवायला लागलो. सकाळी एक, संध्याकाळी एक, दुपारी अंघोळीला परतायचं तर आणखी दोन. तिसऱ्या दिवशी वहीत बघितलं तर वाचवलेले तीनशे बाट कधीच संपले होते.

म्हणून खोलीच्या भाड्यात रोजचं येणं-जाणं मिळवूनच तुलना करा. नकाशावर किलोमीटर बघू नका, स्टेशनच्या दारापासून चालायची मिनिटं बघा. दहाच्या वर गेली तर सोडून द्या. माझं मत विचाराल तर फया थाई आणि रातचथेवीचा पट्टा पहिल्या खेपेला उत्तम, कारण विमानतळाची रेल्वे फया थाईलाच संपते आणि तिथेच बीटीएस ही उड्डाणरेल्वे मिळते. जुन्या शहरात राहायचं तर साम योत मेट्रोच्या आसपास बघा. पुष्कळ भारतीय सहली प्रतूनामला उतरतात. खरेदीला ते बरं, पण तिथल्या ट्रॅफिकची ख्याती खरी आहे.

बुकिंगच्या किमतीपुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर सेवाशुल्क आणि कर वेगळे लागणार. शिवाय आल्या आल्या रोख डिपॉझिट मागतात. पावती घ्या आणि जपून ठेवा.

माणशी की गाडीमागे?

एकट्याने फिरणाऱ्यांचे सल्ले जोडप्याने जसेच्या तसे उचलले की हिशेब चुकतो. रेल्वेचं तिकीट माणशी असतं, टॅक्सीचं भाडं गाडीमागे. सुवर्णभूमी विमानतळावरून फया थाईला रेल्वेने माणशी ४५ बाट, दोघांचे ९०, आणि साधारण अर्धा तास. टॅक्सीला मीटर, वर विमानतळाचे ५० बाट, वर टोल. इथे रेल्वेच. पण शहरात तीन-चार स्टेशनांच्या अंतराला दोन तिकिटं आणि ॲपवरची छोटी गाडी यांत कधीकधी दहा-वीस बाटचाच फरक उरतो, मग पायांचं ऐकावं. संध्याकाळी पाच ते आठ मात्र गाडीचा विचारही नको. मीटर सुरूच असतो, गाडी उभीच असते.

बीटीएस आणि एमआरटी मेट्रो या दोन वेगळ्या संस्था आहेत. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही आणि बदलताना पुन्हा पैसे पडतात. हे कळलं नाही तर फाटकात अडकून एकमेकांवर ओरडणं होतं. टॅक्सीचा मीटर ३५ बाटपासून सुरू होतो. चालक मीटर टाकायला नाही म्हणाला तर वाद न घालता उतरा, मागे दुसरी असतेच.

सगळ्यात स्वस्त आणि सुंदर वाहन म्हणजे चाओ फ्राया नदीतली बोट. सफान ताक्सिन स्टेशनखालीच साथोर्न धक्का आहे. तिथे पर्यटकांची महागडी बोट पुढे केली जाते. तुम्ही केशरी झेंड्याची विचारा. कितीही लांब जा, माणशी १६ बाट.

"आज राजवाडा बंद आहे"

हे वाक्य तुम्हाला ऐकू येणार. स्वच्छ शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, भारताबद्दल आस्थेने बोलणारा माणूस सांगेल की आज पूजा आहे, राजवाडा दुपारनंतर उघडेल. तोवर हा टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, वीस बाटमध्ये तीन देवळं दाखवेल. वीस बाटमध्ये बँकॉकमध्ये टुकटुक सोईचं टोकही गाठत नाही. आम्ही चढलो. एक देऊळ खरंच दाखवलं, मग रत्नांचं दुकान, मग सूट शिवणारा. दुकानात गिऱ्हाईक आणलं की टुकटुकवाल्याला कमिशन मिळतं. आम्ही काही घेतलं नाही म्हणून त्याने तिसऱ्या ठिकाणी सोडून दिलं. पैसे वीस बाटच गेले, पण सकाळ गेली, आणि राजवाड्याचं तिकीट साडेतीनलाच बंद होतं.

उपाय सोपा आहे. राजवाड्याच्या मुख्य दरवाजापर्यंत स्वतः चालत जा आणि तिकीटखिडकीवर बघा. सकाळी साडेआठला उघडतो. सनाम चाई मेट्रोपासून पायी जाता येतं. फसवणूक मोठी असेल, गाडी सोडत नसेल, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

दुसरी चूक कपड्यांची. खांदे आणि गुडघे दोघांचेही झाकलेले हवेत. नवऱ्याची हाफ पँट पाहून दारावर परत पाठवलं. समोरच्या दुकानातून त्याने हत्तींची नक्षी असलेला ढगळ पायजमा घेतला, जो आता आमच्याकडे रंग देताना वापरतात. ओढणी खांद्यावर टाकून भागेल असं मी धरलं होतं, पण तेही नेहमी चालत नाही. बाह्यांचा कुर्ता घाला.

आता तिकिटं. राजवाडा ५००, वाट पो ३००, वाट अरुण २००; वाट म्हणजे बौद्ध देऊळ. दोघांचे एका दिवसात दोन हजार बाट, म्हणजे सहा हजार रुपये. कित्येक बजेट खोल्यांचं दोन रात्रींचं भाडं! सगळं एका दिवसात बघू नका आणि सगळं आतूनही बघू नका. राजवाडा १७८२ साली थायलंडच्या राजाने, पहिला राम याने, बांधायला घेतला, पाचूचा बुद्ध तिथेच आहे, तो सोडवत नाही. वाट पोमधला ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्धही नाही. वाट अरुण मात्र था तियन धक्क्याच्या बाजूने, पलीकडच्या काठावरून, सूर्य मावळताना बघितलं तरी चालतं. ते फुकट आहे.

पैसे आणि पोट

परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की प्रत्येक वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क कापतात, मग हजार काढा नाहीतर दहा हजार. थोडे थोडे काढत बसू नका. "रुपयांत आकारू का?" असं मशीनने विचारलं तर नाही म्हणा, बाटमध्येच घ्या. रुपयाच्या नोटा तिथे वाईट दराने जातात, डॉलर नेणं बरं. हातगाडीवर क्यूआर दिसेल, पण आपलं यूपीआय गृहीत धरू नका. सुटे बाट खिशात हवेत.

शाकाहारी जोडप्यांची नेहमीची चूक म्हणजे "नो चिकन, नो फिश" सांगून निर्धास्त होणं. भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस असतो, आणि पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी. "माय साय नाम प्ला" म्हणजे माशाचा सॉस घालू नका, एवढं पाठ करा. त्याहून सोपं, पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात इंग्रजी सतरा आकड्यासारखं अक्षर शोधा. ते "जे" जेवण. त्यात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाईंना फोटो पाठवला तर त्यांचा विश्वास बसेना.

आणखी एक. सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर त्रिमूर्तीचं देवस्थान आहे, शेजारी गणपतीही. गुरुवारी रात्री साडेनऊला तरुण मुलंमुली लाल गुलाब आणि लाल मेणबत्त्या घेऊन जोडीदार मागायला येतात. आपल्याकडे गुरुवार दत्ताचा, तिथे त्रिमूर्तीचा. बुधवारी परतीचं तिकीट काढून आम्ही ते चुकवलं.

जाताना-येताना

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरताना डिजिटल अरायव्हल कार्ड लागतं. पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, दोघांची नोंद वेगळी, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा.

शहराला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, आणि ते शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत. क्राबी-फुकेतचं स्वस्त विमान बहुधा डॉन मुआंगहून सुटतं. तिकिटावरचं नाव दोघांनीही वाचा, एकाने वाचून दुसऱ्याला सांगू नये. चुकलंच तर दोन्हींमध्ये फुकट बस आहे. त्याच दिवसाचं पुढचं तिकीट दाखवावं लागतं, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये हातात तीन-चार तास नसतील तर त्या बसच्या भरवशावर राहू नका.