लादीच्या सवयी लाकडावर नकोत : इंजिनिअर्ड वुड फ्लोअरिंगच्या बाबतीत या चुका टाळा

जुलैतल्या एका सकाळी अनवाणी चालताना तळपायाला खरखर जाणवली. आमच्या बेडरूममध्ये ओकचं इंजिनिअर्ड फ्लोअरिंग आहे, एरवी अगदी सपाट. खाली वाकून, गाल जमिनीला टेकवून खिडकीच्या उजेडाकडे पाहिलं, तेव्हा कळलं. बाथरूमच्या भिंतीलगतच्या सात-आठ फळ्या पन्हळीसारख्या झाल्या होत्या. प्रत्येक फळीच्या कडा वर आलेल्या आणि मधला भाग खोल. बोलावलेला फिटर म्हणाला, "मशीन मारून देतो, संध्याकाळपर्यंत सपाट." मी नको म्हटलं. का, ते पुढे येईलच.

आधी पायाखाली काय आहे ते बघू. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो, स्वस्त मालात १ मिलिमीटरपेक्षाही कमी, चांगल्या मालात ३ ते ४ मिलिमीटर. त्याखाली प्लाय किंवा दाबून केलेला बोर्ड. प्लायच्या थरांचे रेषे एकमेकांना आडवे असतात, म्हणून ही फळी भरीव लाकडाइतकी फुगत-आकसत नाही. पण फुगते जरूर. लॅमिनेट फ्लोअरिंगच्या वर लाकडाचं चित्र छापलेला कागद असतो, त्यामुळे त्याचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

ओला पोछा

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, आणि ते रोज थोडं थोडं होतं. आपल्याकडे घर स्वच्छ म्हणजे बादलीभर पाणी, त्यात फिनाईल आणि निथळता पोछा. कोटा किंवा व्हिट्रिफाइड लादीला ते चालतं. लाकडाचं पॉलिश वरून पाणी अडवतं, पण दोन फळ्यांच्या सांध्यातून ते आत शिरतं आणि खालच्या प्लायमध्ये मुरतं. दिवसेंदिवस हेच चाललं की सांध्याची कड काळपट पडते. हा डाग पुसून जात नाही, कारण तो लाकडाच्या आत असतो.

रोज कोरडा मायक्रोफायबर मॉप पुरे. आठवड्यातून एकदा ओलसर कापड फिरवा, पण ते इतकं घट्ट पिळा की मुठीत दाबलं तर एक थेंब पडू नये. पुसलेला भाग मिनिटभरात आपोआप वाळला, तर पाण्याचं प्रमाण बरोबर. कामाला येणाऱ्या ताईंना हे एकदा स्वतः पुसून दाखवा. नुसतं तोंडी सांगितलेलं टिकत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. बाकीच्या दहा घरांत त्या लादीच पुसतात. स्टीम मॉप मात्र पूर्ण वर्ज्य. वाफ सांध्यात पाण्यापेक्षा सहज शिरते.

पाण्यात काय घालायचं? फिनाईल नको. त्याचा थर साचत जातो आणि मग पावलांचे ठसे उमटतात. व्हिनेगर, लिंबू, खाण्याचा सोडा या घरगुती उपायांनी पॉलिश हळूहळू निस्तेज होतं. लाकडी जमिनीसाठीचा न्यूट्रल (आम्ल किंवा क्षार नसलेला) क्लीनर थोडासाच वापरा. जमीन धुरकट दिसायला लागली असेल, तर नव्या पॉलिशचा विचार करण्याआधी चार-पाच वेळा फक्त साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा. पुष्कळदा तो साचलेला थरच असतो.

फळ्या वाकल्या तर

कडा वर आल्या म्हणजे फळीच्या खालच्या बाजूला ओल जास्त आहे. अशा वेळी ती येते कुठून ते शोधा. बाथरूमची भिंत, एसीच्या पाण्याचा पाइप, खिडकीची चौकट, कुंडीखालची थाळी. आमच्याकडे शॉवरच्या नळाचा भिंतीतला सांधा गळत होता. तो दुरुस्त केला, पंखा चालू ठेवला, एसी ड्राय मोडवर लावला आणि वाट पाहिली. दिवाळीपर्यंत बहुतेक फळ्या बसल्या. दोन बदलाव्या लागल्या.

फिटरचं ऐकलं असतं तर वर आलेल्या कडा घासल्या गेल्या असत्या. मग ओल वाळून फळी सरळ झाल्यावर कडा खोल आणि मध्य उंच, असा उलटा बाक कायमचा राहिला असता. वरचा थर किती जाड आहे हे पाहिल्याशिवाय तर मशीन लावूच देऊ नका. उरलेल्या फळीची कड बघा किंवा दारातली पट्टी काढून बघा. १ मिलिमीटरच्या आत असेल तर घासायला तिथे लाकूडच नाही.

उन्हाळ्यात याच्या उलट होतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात फळ्या आकसतात आणि बारीक फटी दिसतात. त्या पुट्टीने भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की पुट्टी बाहेर फेकली जाते, नाहीतर फळ्या एकमेकींना रेटतात. भिंतीलगत स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली) ८ ते १० मिलिमीटर जागा सोडलेली असते, ती याचसाठी. रंगकामाच्या वेळी ती सिमेंटने बुजवली गेली, तर फुगलेली जमीन मध्येच उचलली जाते.

कच आणि रांगोळी

चरे पाडते ती चपलेबरोबर आलेली वाळू. दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणं ठेवा, पण आतल्याला खालून रबर नको. काही रबरांमुळे पॉलिशवर पिवळट डाग पडतात. रांगोळीही दगडाचीच भुकटी. लाकडावर थेट काढली आणि त्यावर पाय पडला की पॉलिश पेपरसारखं काम होतं. पाटावर किंवा ताटात काढा, आणि सांडलेली झाडण्याआधी व्हॅक्यूमने ओढून घ्या. समईचं तेल सांडलं तर लगेच टिपून घ्या, वर टाल्कम पावडर टाका आणि तासाभराने काढा.

खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावा आणि दोन-तीन महिन्यांनी बदला, कारण त्यातच कच रुतून बसते. कपाट ओढू नका, उचला. गालिचा अधूनमधून सरकवा, नाहीतर उन्हाने बाकीचं लाकूड रंग बदलतं आणि गालिच्याचा चौकोन उमटून राहतो.

पॉलिश संपलंय का, हे बघायला वर्दळीच्या जागी पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. थेंब गोल उभे राहिले तर ठीक. काही मिनिटांत खालचं लाकूड गडद झालं तर नव्या पॉलिशची वेळ झाली आहे. तेलाचं फिनिश असेल तर पुन्हा तेलच लागतं, लॅकरवर, म्हणजे वाळून वर कडक पापुद्रा होणाऱ्या पॉलिशवर, मात्र मेण किंवा तेल चोळू नका.

फळी पोकळ वाजते म्हणून लगेच घाबरू नका. फोमवर तरंगती, म्हणजे खाली न चिकटवता बसवलेली जमीन थोडी वाजतेच. पण स्कर्टिंगजवळ मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. त्याच आठवड्यात पेस्ट कंट्रोल बोलवा.

आणि बसवताना उरलेल्या चार-पाच फळ्या टाकून देऊ नका, बाल्कनीतही ठेवू नका. त्याच खोलीत पलंगाखाली आडव्या ठेवा, वर फिनिशचं नाव लिहून. आमच्या त्या दोन फळ्या तिथूनच निघाल्या.