जुन्या सीएनसीला नवे ड्राइव्ह बसवताय? या चुका टाळा

कोल्हापूरकडची शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत जा. कास्टिंगचं मशीनिंग करणाऱ्या शेडमध्ये एखादं जुनं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) कोपऱ्यात झाकून ठेवलेलं दिसतं. बॉडी दणकट, कंट्रोलर मेलेला. रेट्रोफिटचा, म्हणजे जुन्या बॉडीवर नवा कंट्रोलर, मोटर आणि ड्राइव्ह (मोटरला करंट देऊन चालवणारं युनिट) बसवण्याचा हिशेब निघाला की मालकांचं सगळं लक्ष स्क्रीन आणि मोटरवर. पॉवर सप्लायला मात्र ‘आहे तोच चालवू’. ड्राइव्ह जळायची सुरुवात तिथूनच होते.

स्टेपर किंवा डीसी सर्व्हो मोटरच्या ८० व्होल्ट कमाल मर्यादेच्या ड्राइव्हला ५५ व्होल्ट सेकंडरीचा (आउटपुटच्या वाइंडिंगचा) ट्रान्सफॉर्मर लावलेला बघा. एसीचा डीसी होताना कपॅसिटर शिखरापर्यंत भरतो म्हणून १.४१४ ने गुणा, डायोडचे दीडेक व्होल्ट काढा, साधारण ७६ येतात. कागदावर बरोबर. पण हा हिशेब २३० व्होल्टचा. रात्री आजूबाजूचा लोड कमी होऊन लाइन २५० वर गेली, तर तोच सप्लाय ८३ च्या पुढे जातो. त्यात ट्रान्सफॉर्मरवर लोड नसेल तर आणखी चढतो. ‘काल चालू होतं, सकाळी आलो तर ड्राइव्ह गेलेला’ म्हणतात तो प्रकार बऱ्याचदा हाच असतो. ४५ व्होल्टची सेकंडरी घ्या; २५० लासुद्धा ६८ च्या आसपास राहतं. वेग थोडा कमी मिळेल, मिळू दे.

दुसरी गोष्ट ब्रेकिंगची. जड टेबल रॅपिडमध्ये (कटिंग नसतानाच्या जलद चालीत) येऊन थांबतं तेव्हा मोटर जनरेटर होते आणि करंट उलटा सप्लायकडे येतो. साधा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) अशा वेळी ट्रिप होतो. अलार्म कटिंगला न येता थांबतानाच येत असेल, तर प्रोग्राम तपासत बसू नका. एसी सर्व्होला ब्रेकिंग रेझिस्टर लावा; लिनिअर (ट्रान्सफॉर्मरच्या) सप्लायला मोठा कपॅसिटर आणि त्यावर त्यातला चार्ज हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर. कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून मेन स्विच बंद केल्यावरही मीटर लावल्याशिवाय बसबारला (पॅनेलमधल्या पॉवरच्या पट्टीला) हात लावायचा नाही, हे हेल्परला दोनदा सांगा.

२४ व्होल्टच्या एकाच सप्लायवर झेडचा (हेड वर-खाली करणाऱ्या अक्षाचा) ब्रेक, सोलेनॉइड आणि टेबलाची जागा ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर चालवले की लिमिटचे (टेबल टोकाला पोचल्याचे) खोटे अलार्म सुरू होतात. ब्रेक आणि सोलेनॉइडला वेगळा सप्लाय द्या, डीसी कॉइलवर उलटा डायोड टाका. झेडचा ब्रेक सुटण्याआधी सर्व्होने ताकद धरलेली हवी, नाहीतर हेड खाली येतं.

पल्सचा, म्हणजे कंट्रोलर ड्राइव्हला हालचालीसाठी पाठवतो त्या सिग्नलचा हिशेबही आधी करा. १० मिमी पिचचा बॉल स्क्रू, फेरीला १०,००० पल्स, रॅपिड १५ मीटर प्रति मिनिट: सेकंदाला अडीच लाख पल्स लागतात. पॅरलल पोर्टवरचा स्वस्त कंट्रोलर तिथं दम तोडतो.

जुना कंट्रोलर अजून चालू असेल तर पॅरामीटरचा (मशीनच्या सेटिंगचा) बॅकअप घेतल्याशिवाय एकही वायर काढू नका. बॅटरी बदलायची तर मशीन चालू ठेवूनच, कारण मेमरी तिच्यावरच जगते.

डायल लावून बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूत पडणारी मोकळीक) बघायचं काम मात्र कुणी करत नाही. नवीन सर्व्होने झिजलेला स्क्रू सरळ होत नाही. झीज मधल्या भागात जास्त असते, त्यामुळे टोकाला मोजून कंट्रोलरमध्ये टाकलेलं कॉम्पेन्सेशन (बॅकलॅशची भरपाई) मधे चुकतं. मापं तीन ठिकाणी घ्या.

आणि पॅनेलला उघडा एक्झॉस्ट फॅन बसवू नका. तो कास्ट आयर्नची भुकटी आत ओढतो, ती वीज वाहून नेते, आणि पावसाळ्यातल्या ओलीत ड्राइव्हच्या बोर्डावर तिचा थर बसला की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. पॅनेल सील करून कूलर लावा.