मँचेस्टरात नवीन आलात? शनिवारी मोस्टनला चला

दर सप्टेंबरात कोल्हापूर-सांगलीकडचा कुणाचा तरी भाचा नाहीतर मैत्रिणीची मुलगी मँचेस्टरला शिकायला येते, आणि आठवड्याभरात फोन येतो, "काका, ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट मिळेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मँचेस्टर युनायटेडचं ते स्टेडियम बाहेरून बघा, फोटो काढा, घरी पाठवा. शनिवारी दुपारी मात्र माझ्याबरोबर मोस्टनला यायचं.

मँचेस्टरच्याच मोस्टन भागात ब्रॉडहर्स्ट पार्क आहे, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर या फुटबॉल क्लबचं मैदान. क्लब 2005 चा, म्हणजे इथल्या मानाने कालचं पोर. त्या वर्षी अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला. बराचसा पैसा कर्जाचा, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. चिडलेल्या पाठीराख्यांतल्या काहींनी सरळ स्वतःचा क्लब काढला, दहाव्या पायरीपासून सुरुवात केली आणि पहिल्या तीन हंगामांत तीनदा वर चढले.

ही पायऱ्यांची भानगड आधी समजून घ्या. इंग्लंडमधल्या फुटबॉल लीग एकावर एक रचलेल्या आहेत, हंगामात वरचे नंबर मिळवणारे क्लब एक पायरी चढतात, तळाचे उतरतात. वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 क्लब. त्याखालचं सगळं 'नॉन-लीग'. नाव फसवं आहे, लीग तिथेही असतेच. फरक एवढाच की आठवडाभर शाळेत शिकवणारा किंवा व्हॅन चालवणारा माणूस शनिवारी दुपारी तिथे बऱ्याचदा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू असतो.

कोल्हापूरकरांना याहून जास्त सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठेतला माणूस कसा वागतो ते आपण लहानपणापासून बघतोय. एफसी युनायटेड ही तशीच तालीम समजा. वर्गणी भरली की सभासद, आणि एका सभासदाला एकच मत, मग त्याने दहा पौंड दिलेले असोत की दहा हजार. क्लबचं नावसुद्धा मतदानाने ठरलं. शर्टावर जाहिरात नको, हेही सुरुवातीलाच ठरलेलं. हंगामाच्या तिकिटाला किमान रक्कम ठेवून पुढे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावं, अशी पद्धत 2009 पासून आली. विद्यार्थ्यांनो, इथे लाजू नका. ऐपत नसताना किमान रक्कमच देणं हा या व्यवस्थेचाच भाग आहे.

स्वतःचं मैदान मिळायला दहा वर्षं गेली. तोवर मुख्यतः 'बरी' (Bury) नावाच्या गावातल्या गिग लेन मैदानावर भाड्याने खेळायचे. मग लोकांनी समभाग घेऊन सुमारे 20 लाख पौंड उभे केले आणि मे 2015 मध्ये पोर्तुगालच्या बेन्फिकाविरुद्धच्या सामन्याने ब्रॉडहर्स्ट पार्क सुरू झालं. तालीम म्हटली की भांडणंही आलीच. 2016 मध्ये कारभारावरून मोठा वाद होऊन नवं संचालक मंडळ निवडून आलं. गणपतीच्या हिशोबावरून मंडळं फुटलेली पाहिलेल्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही.

जायचं कसं? व्हिक्टोरिया स्टेशनवरून लोकल घेऊन मोस्टनला उतरा, नाहीतर ट्रामने 'न्यूटन हीथ अँड मोस्टन' गाठा. पुढे पायी. सामना बहुधा शनिवारी तीनला. त्या वेळी इथे टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत. पावणेतीन ते सव्वापाचची ही बंदी 1960 च्या दशकापासून आहे, लहान क्लबांचे प्रेक्षक घरी बसू नयेत म्हणून.

कपड्यांबाबत माझं ऐका. जॅकेट सगळेच घालतात, पण थंडी शिरते ती पायातून, कारण तुम्ही दोन तास काँक्रीटवर उभे असता. दोन जोड मोजे घाला. पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा टाकलात तर कुणी हसणार नाही. शेजारचा म्हातारा उलट मान डोलावेल.

आता खाणं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात, एका दुसऱ्याच मैदानावर, सगळे पितात म्हणून मीही वाफाळता काळा कप घेतला. वाटलं, काळा चहा असेल. अर्धा कप पोटात गेल्यावर कळलं की ते बॉव्हरिल, गाईबैलाच्या मांसाचा अर्क. चालत असेल त्याने खुशाल प्यावं, पण माहीत असून प्यावं. 'मीट अँड पोटॅटो' पाय (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) घेतलात तर त्यातही बहुधा बीफच असतं. शाकाहारी माणसाने 'चीज अँड अनियन' पाय मागावा. सोबत मशी पीज मिळाले तर घ्या. आपल्या वाटाण्याच्या उसळीचा हा फोडणी विसरलेला चुलतभाऊ आहे, खिशात तिखटाची पुडी असली की निभावतं.

गोलामागे उभे राहिलात तर गाणी कानावर पडतील. अर्धी कळणार नाहीत, कळलेली अर्धी आईला सांगता येणार नाहीत. "तू खरा कुणाचा?" असं पहिल्याच दिवशी कुणाला विचारू नका. काही जण अजून ओल्ड ट्रॅफर्डलाही जातात, काहींनी 2005 नंतर तिथे पाऊल टाकलेलं नाही. एकाच घरात दोन्ही प्रकार असतात.

जुन्या लोकांना बोलतं करायचं असेल तर रॉचडेलविरुद्धच्या सामन्याचं विचारा. 5 नोव्हेंबर 2010, एफए कपची (वरच्या-खालच्या पायऱ्यांचे क्लब एकत्र खेळतात ती बाद स्पर्धा) पहिली फेरी, चार पायऱ्या वरचा संघ आणि 94 व्या मिनिटाला विजयी गोल, 3-2. तो इथल्या आतषबाजीचा दिवस, आणि त्या वर्षी आपलं लक्ष्मीपूजनही नेमकं त्याच संध्याकाळी होतं. फटाके कुणी कशासाठी उडवले, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

कोल्हापुरात पेठेकडून खेळलेल्यांसाठी एक इशारा. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळता येत नाही, आणि या पायरीवर मानधन असतं. हौशी रविवार लीग वेगळी, तरी सही करण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयात विचारून घ्या.

आणि डिसेंबर-जानेवारीत निघण्याआधी सामना होणार आहे ना, ते बघा. मैदान गोठलं किंवा पाणी साचलं की पंच सकाळीच सामना रद्द करतात. मी एकदा पोळीभाजीचा डबा घेऊन बंद फाटकासमोर उभा होतो. शेजारी माझ्यासारखाच फसलेला एक आजोबा. डबा आम्ही दोघांनी बसथांब्यावर संपवला. त्याला लिंबाचं लोणचं फार आवडलं. हल्ली दर हंगामाला एक बरणी त्याच्यासाठी आणावी लागते.