बटण नको दखू, काटा दख: ऑटोपायलटचा मोड बदलला हे वेळेत कळायला काय करायचं

शिरपूरकडे आमच्या केळीवरून ट्रेनिंगची छोटी विमानं घिरट्या घालत असतात, ती बघून बघून आपल्याकडची बरीच पोरं आता पायलटच्या लाइनला जाताहेत, आणि एअरबसच्या टाइप रेटिंगला, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायच्या ट्रेनिंगला, पोचली की दहा-पंधरा दिवसांत मला मेसेज येतो, दादा तो ऑटोपायलट आपोआप मोड बदलतो आणि मला कळतच नाही. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

आधी मोटरचं ऐका. मी सुटीवर घरी होतो, लाइट रात्री बाराला येणार होती, आबा म्हटले, स्टार्टरचं ऑटो टाकी ये. मी गेलो, ऑटो टाकला, येऊन झोपलो. सकाळी बघतो तर ठिबकच्या नळ्या कोरड्या ठणठणीत. ऑटो चालूच होता हो, पण एक फेज नव्हता म्हणून मोटर उचललीच नव्हती. आबा चिडले नाहीत, बॅटरीचा उजेड अँपिअर मीटरवर मारून एवढंच म्हटले, "बटण नको दखू, काटा दख." टाइप रेटिंगला मला लाख लाख रुपयांत जे शिकवलं ते हेच.

विमानात तो काटा म्हणजे एफएमए, कुठला मोड चालू आहे ते सांगणारा फ्लाइट मोड अनन्सिएटर. समोरच्या स्क्रीनच्या, म्हणजे पीएफडीच्या, अगदी वरची पट्टी. ए३२० ला पाच रकाने असतात: ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारा) काय करतोय, वरखाली काय चाललंय, डावं-उजवं काय, मग अप्रोचची क्षमता, आणि शेवटी ऑटोपायलट वगैरे काय काय लागलंय ते. हिरवं म्हणजे आत्ता चालू आहे, निळं म्हणजे आर्म झालंय, वाट बघत बसलंय. मोड बदलला की नवीन मोडभोवती साधारण १० सेकंद पांढरी चौकट येते आणि जाते. दहा सेकंद! तेवढ्यात तुम्ही एटीसीला, म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलरला, उत्तर देत असाल किंवा खाली बघून काही टाइप करत असाल तर चौकट गेली, आणि नंतर ते अक्षर तिथे इतकं गप बसतं की जसं काही सकाळपासून तेच होतं.

आता सवय कशी लावायची. बटण दाबायच्या किंवा नॉब ओढायच्या आधी मनात म्हणा, आता वर काय दिसायला पाहिजे. मग दाबा, मग नजर नॉबवरून उचलून पट्टीवर न्या आणि जे लिहिलंय ते तोंडाने वाचा, दुसऱ्याने बघून चेक्ड म्हणायचं. आधी मनात म्हणणं लोक गाळतात आणि तिथेच फसतात, कारण अपेक्षाच नसेल तर चुकीचं अक्षरसुद्धा बरोबरच वाटतं. आणि फक्त हिरवं नाही, निळंही वाचा, कारण पुढचा बदल तिथूनच येणार आहे.

तुम्ही काही दाबलं की तुम्ही बघता तरी, खरा घोळ न दाबता होणाऱ्या बदलांचा. माझा सिम्युलेटरमधला किस्सा: १०,००० फुटांना चढत होतो, ऑल्ट स्टार लागला, म्हणजे विमान आता उंची पकडतंय, सगळं निवांत. तेवढ्यात इन्स्ट्रक्टर एटीसीच्या आवाजात बोलले, परत ९,००० ला या. मी पटकन उंचीचा नॉब फिरवून ९,००० केलं आणि नॉबच्या आकड्याच्या खिडकीत ९,००० दिसतंय म्हणून खूश. पण उंची पकडत असताना तो नॉब फिरवला की ऑल्ट स्टार सुटतो आणि व्हर्टिकल स्पीड, म्हणजे मिनिटाला ठरावीक फूट चढायचा किंवा उतरायचा मोड, लागतो, आणि तोही त्या क्षणी जेवढा वेग असेल तेवढाच, म्हणजे माझ्या बाबतीत वरच्या दिशेला. विमान १०,००० पार करून चाललं आणि मी आपला ९,००० च्या आकड्याकडे बघतोय. त्यांनी सिम्युलेटर थांबवला आणि म्हटले, वर काय लिहिलंय ते वाच. वाचलं. कान लाल.

तसंच मॅनेज्ड डिसेंटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आखलेल्या मार्गाने, उतरताना हेडिंगचा (दिशेचा) नॉब ओढलात तर डिसेंट जाऊन व्हर्टिकल स्पीड येतो. तुम्ही आडवी गोष्ट बदलली, उभी आपोआप बदलली. म्हणून माझा नियम, नॉब कुठलाही फिरवा, पूर्ण पट्टी वाचायची.

पट्टी वाचली तरी आकडा फसवू शकतो. १९९२ च्या जानेवारीत स्ट्रासबर्गजवळ एअर इंटरचं ए३२० डोंगरावर गेलं, ९६ पैकी ८७ गेले. सगळ्यात शक्य कारण असं धरतात की ३.३ अंशाचा उतार द्यायचा होता आणि मोड व्हर्टिकल स्पीडचा होता, म्हणून खिडकीत टाकलेल्या "३३" चा अर्थ दर मिनिटाला ३,३०० फूट खाली असा झाला. आकडा वाचताना कशाचा आकडा हेही वाचायचं.

आणि पट्टीसोबत वेग आणि थ्रस्ट बघायचाच. २०१३ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं ७७७ उतरत होतं. पायलटने फ्लाइट लेव्हल चेंज, म्हणजे सेट केलेल्या उंचीकडे नेणारा मोड, लावला, विमान उलट वर जायला लागलं कारण सेट केलेली उंची वर होती, मग त्याने ऑटोपायलट काढला आणि थ्रॉटल मागे ओढले. तिथे ऑटोथ्रॉटल होल्डमध्ये गेला, म्हणजे आता तो लिव्हरला हात लावणार नाही, आणि कॉकपिटमध्ये समजूत अशी की वेग तो सांभाळतोय. १३७ नॉट पाहिजे होते, १०३ पर्यंत उतरले, शेपूट समुद्राच्या भिंतीला लागली. ३०७ जणांपैकी तिघे गेले. एरवी दिवसभर बोइंगवाले आणि एअरबसवाले एकमेकांना चिडवत असतात, पण हा रोग दोघांकडे आहे. आपल्याकडेच १४ फेब्रुवारी १९९० ला बेंगळुरूला इंडियन एअरलाइन्सचं ए३२० धावपट्टीच्या आधीच टेकलं, १४६ पैकी ९२ गेले, आणि तिथेही इंजिनं आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, ठेवणारा ओपन डिसेंट मोड खूप खालपर्यंत राहिला होता.

"हे असं का करतंय?" हे वाक्य तोंडात आलं की शोधत बसू नका. एक पायरी खाली या, मॅनेज्ड असेल तर सिलेक्टेड, म्हणजे आकडा तुम्ही स्वतः नॉबने द्यायचा, तरी नाही जमलं तर ऑटोपायलट काढा आणि हाताने उडवा, कारण नंतर निवांत शोधता येतं. यात कमीपणा नाही. मला पहिले सहा महिने वाटायचा.

घरी सरावाला सिम्युलेटर लागत नाही. चिठ्ठ्यांवर पट्टीचे पाच रकाने काढा, मागे उत्तर लिहा: थ्रस्ट काय करतोय, नाक काय करतंय, पुढे कुठला मोड येणार. कुणालाही काढायला बसवा. माझ्या वेळी आबा बसायचे, ओपन डिसेंटला ओपन डिसेंबर म्हणायचे, पण उत्तर चुकलं की काही न बोलता ती चिठ्ठी डब्यात टाकायचे आणि दोन चिठ्ठ्यांनंतर परत तीच काढायचे.