जुन्या बाय-लेव्हल घराची एंट्री, भिंती न पाडता आणि कमी खर्चात

न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवे, ओल्ड ब्रिज, पार्सिपनी या भागात बजेटमध्ये बसणारं जुनं घर शोधायला लागलात की बाय-लेव्हल तुमच्यासमोर येणारच, १९६० आणि ७० च्या दशकात बिल्डरांनी ही घरं भरपूर बांधली. कारण साधं होतं, खालचा मजला अर्धाच जमिनीत घालायचा म्हणजे खोदाई कमी, खालच्या खोल्यांना नीट खिडक्या मिळतात आणि छोट्या प्लॉटवर बरीच जागा निघते. पण मग मेन दार दोन मजल्यांच्या बरोबर मधे येतं. दार उघडलं की चार बाय सहा फुटांचं लँडिंग, सहा-सात पायऱ्या वर, तेवढ्याच खाली, आणि चार पाहुणे एकदम आले की दोघं आत आणि दोघं बाहेर. त्यात काळं किंवा पांढरं लोखंडी रेलिंग, सोनेरी पितळी झुंबर, पायऱ्यांवर तपकिरी कार्पेट. हे सगळं बदलता येतं आणि त्याला पंधरा-वीस हजार डॉलर्स लागत नाहीत.

मला सगळ्यात आधी सांगायचंय ते हे की लँडिंग मोठं करायच्या मागे लागू नका. भिंत पाडायची, बाहेरच्या बाजूला खोली वाढवायची, जिना फिरवायचा, हे सगळं स्ट्रक्चरचं काम आहे, त्याला इंजिनिअर, परमिट आणि भरपूर पैसा लागतो. लँडिंग लहानच राहणार हे धरून चला आणि पैसा तिथे घाला जिथे नजर जाते. दारात उभा राहिलेला माणूस जमिनीकडे बघत नाही, तो मान वर करून वरच्या हॉलकडे बघतो, आणि त्याला दिसतं रेलिंग, मग लाइट, मग पायऱ्या. खर्चाचा क्रमही हाच ठेवा.

हात लावायच्या आधी टेस्ट करा, यात कंजुषी नको. अमेरिकेत घराच्या रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली, तुमचं घर त्याआधीचं असेल तर रेलिंग, दाराची चौकट, जिन्याच्या कडेची लाकडी पट्टी यांच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. लँडिंगवर नऊ बाय नऊ इंचाच्या जुन्या टाइल्स असतील तर त्यात आणि त्यांच्या खालच्या काळ्या डिंकासारख्या थरात अॅस्बेस्टॉस (धूळ श्वासात गेली तर घातक ठरणारं तंतुमय खनिज) असण्याची बरीच शक्यता, छताला पॉपकॉर्नसारखा खडबडीत दाणेदार थर असेल तर तिथेही तेच. लॅबला नमुना पाठवायला थोडेच डॉलर्स लागतात. घरात रांगणारं बाळ असेल किंवा कोणी गरोदर असेल तर रिपोर्ट येईपर्यंत पॉलिश पेपरसुद्धा हातात घेऊ नका. टाइलमध्ये अॅस्बेस्टॉस निघालं तरी घाबरायचं कारण नाही, टाइल अखंड असेल तर न खरवडता वरून झाकता येते, धोका खरवडण्यात आणि फोडण्यात आहे.

आता रेलिंग. लोखंडी रेलिंग काढून लाकडी खांब आणि नवे बार बसवायला कॉन्ट्रॅक्टर बोलावला तर दोन-तीन हजार डॉलर्सच्या खाली सहसा येत नाही. तेच रेलिंग नीट रंगवलं तर शंभराच्या आत काम होतं, आणि साध्या सरळ बारचं असेल तर सॅटिन काळ्या रंगात ते खरंच आजचं वाटतं. मधे वेलबुट्टीचे गोल किंवा पानं असतील तर जवळ जाऊन बघा, बऱ्याच वेळा ती नुसती स्क्रूने किंवा कॉलरने अडकवलेली असतात आणि काढता येतात. वेल्डिंगची असतील तर राहू द्या, एकसारख्या काळ्या रंगात ती तेवढी डोळ्यात येत नाहीत.

रंगवण्याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्हिडिओत सगळे स्प्रे कॅन घेऊन बसलेले दिसतात, घराच्या आत ते करू नका. बाय-लेव्हलमध्ये फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, आणि वॉटर हीटर बहुतेक वेळा खालच्या मजल्यावर, जिन्यापासून काही फुटांवर असतात, गॅसचे असतील तर तिथे ज्योत असते, आणि स्प्रेची वाफ जड असते, ती खालीच उतरते. त्यापेक्षा पाण्याचा बेस असलेला, थेट धातूवर लागणारा अॅक्रिलिक इनॅमल घ्या, ब्रश आणि छोटा फोम रोलर घ्या. आधी साबणाच्या पाण्याने हाताचं वर्षानुवर्षांचं तेल काढा, मग टेस्टमध्ये शिसं नसेल तर स्पंजवाल्या पॉलिश पेपरने ओलं घासून पृष्ठभाग खरखरीत करा, गंजलेल्या जागी गंजरोधक प्रायमर, आणि मग दोन पातळ हात. जाड एक हात दिला तर ओघळ येतात आणि हाताला चिकट लागतं. शिसं निघालं तर घासायचं नाही, शिशावर चालणारा झाकणारा प्रायमर लावायचा आणि जिथे पोपडे निघतायत तेवढं काम सर्टिफाइड माणसाला द्यायचं.

रेलिंगजवळ आहात तर टेप घेऊन बारमधलं अंतरही मोजा. आजच्या बिल्डिंग कोडचा, म्हणजे बांधकामाच्या नियमांचा, नियम असा की चार इंचाचा गोळा बारमधून जाता कामा नये, जिन्याच्या उतारावर थोडीशी सूट आहे. जुन्या घरांत पाच-सहा इंचाची फट सर्रास दिसते आणि लहान मुलाचं डोकं त्यात अडकू शकतं. मुलं लहान असतील तर आतल्या बाजूने पारदर्शक अॅक्रिलिक शीट क्लिपने लावा, दिसायला वाईट नाही. आणि रेलिंगच बदलायचं ठरवलं तर टाउनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसला आधी फोन करून परमिट लागतं का विचारा.

याच्याबरोबर भिंतीवर दुसरा हँडरेल लावा, हे मी सगळ्यांना सांगतो. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे पाच-सहा महिने राहायला येतात, सत्तरीचे गुडघे असतात, आणि या घरात स्वयंपाकघरातून बाहेर फिरायला जायचं तर जिना, खालच्या बेडरूममध्ये झोपायला जायचं तर दोन्ही जिने. एका बाजूला रेलिंग आणि दुसऱ्या बाजूला मोकळी भिंत म्हणजे एका हाताला आधारच राहत नाही. गोल लाकडी रेल, तीन-चार ब्रॅकेट, स्क्रू स्टडमध्येच, म्हणजे भिंतीच्या आतल्या उभ्या लाकडी खांबात, पायरीच्या कडेपासून ३४ ते ३८ इंच उंचीवर. शंभर डॉलर्सच्या आसपास होतं आणि अक्रोडाच्या रंगाचं पॉलिश केलंत तर काळ्या रेलिंगसमोर सुंदर दिसतं.

लाइटचं गणित या घरात वेगळं आहे. सात पायऱ्या, प्रत्येकी साधारण साडेसात इंच, म्हणजे वरचा मजला लँडिंगपासून सव्वाचार फूट वर, त्यावर आठ फुटांचं छत, म्हणजे लँडिंगच्या फरशीपासून छत बारा फुटांवर आहे. त्यामुळे लांब लटकणारा लाइट चालतो, फक्त त्याचा खालचा टोक लँडिंगपासून निदान सात फुटांवर हवा. पण वरच्या हॉलमध्ये उभ्या माणसाचे डोळे बरोबर त्या लाइटच्या उंचीला येतात हे कोणी लक्षात घेत नाही, आणि मग पिंजऱ्यातला उघडा बल्ब आणून लावतात जो सोफ्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यात घुसतो. दुधी काचेचा किंवा कापडी शेडचा घ्या, खालून बघितलं तरी बरा दिसणारा घ्या कारण पाहुण्याला फक्त तळच दिसतो, आणि बल्ब २७०० किंवा ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा. दाराच्या वरच्या बाजूला खिडकी असेल तर लाइट तिच्या मधोमध येईल अशी साखळी कापा, रात्री रस्त्यावरून घर एकदम वेगळं दिसतं.

लाइट स्वतः बदलता येतो, ब्रेकर बंद करा आणि तरीही टेस्टर लावून खात्री करा. पण छतातल्या वायरिंगच्या डब्यातल्या वायर तांब्याच्या ऐवजी चंदेरी दिसल्या तर थांबा, साधारण १९६५ ते १९७३ च्या घरांमध्ये अॅल्युमिनियम वायरिंग वापरलंय आणि त्याचे जोड चुकीचे केले तर तापतात, तिथे लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियनच हवा. तांब्यावर टिन चढवलेली वायरही चंदेरी दिसते, पण तो फैसला त्यालाच करू द्या. शिडीचं म्हणाल तर साधी घडीची शिडी जिन्यावर लावायची नाहीच, पायऱ्यांवर दोन्ही पाय वेगवेगळ्या उंचीचे करता येतात अशी शिडी भाड्याने मिळते, एका दिवसासाठी आणा, त्याच दिवशी लाइट आणि वरच्या भिंतींचा रंग दोन्ही उरका, आणि खाली धरायला एक माणूस हवाच.

रंग एकच, खालच्या हॉलपासून वरच्या हॉलपर्यंत. या भिंती मधे कुठे तुटत नाहीत, लँडिंगला वेगळा रंग दिला की तो कुठे थांबवायचा हाच प्रश्न उरतो. उबदार पांढरा किंवा फिकट भुरा, आणि फिनिश धुता येईल असं, कारण जिन्याच्या भिंतीवर मुलांचे हात लागतातच. होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानात कोणीतरी परत केलेला चुकीच्या शेडचा रंग स्वस्तात मिळतो, पण एवढ्या उंच भिंतीला तो पुरला नाही तर तसाच दुसरा डबा मिळणार नाही, तो दारासाठी बघा, भिंतीसाठी नको.

पायऱ्यांचं कार्पेट काढायच्या आधी एका कोपऱ्यात पकडीने उचलून खाली काय आहे ते बघा. ओक निघालं तर उत्तम, साधं पाइन निघालं तर रंगवता येतं, नुसतं प्लायवूड निघालं तर सरळ नवीन कार्पेट घालणं जास्त शहाणपणाचं. काढताना जाड ग्लोव्ह्ज घाला, कडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या हात फाडतात, आणि स्टेपल एक एक करून काढायला अर्धा दिवस जातो तो धरून चला. रंगवायचं असेल तर पोर्च आणि फ्लोअरचा इनॅमल वापरा आणि एक सोडून एक पायरी रंगवा, नाहीतर दोन दिवस घरात वर-खाली करायला रस्ताच नाही. नुसतं लाकूड मोज्यांवर घसरतं आणि आपण सगळे घरात मोज्यांवर किंवा अनवाणी असतो, म्हणून वर रनर, म्हणजे पायऱ्यांवरून जाणारी गालिच्याची लांब पट्टी, हवाच. एका पायरीला साधारण १८ इंच लागतो, दोन्ही जिने मिळून २० ते २१ फूट धरा, खाली अँटी-स्लिप पॅड, आणि गडद बारीक नक्षी, एकरंगी फिका घेऊ नका.

लँडिंगची फरशी वीस-पंचवीस चौरस फूट असते, त्यामुळे इथे महाग टाइलसुद्धा परवडते, टाइलच्या दुकानात उरलेले दोन-तीन बॉक्स विचारा. मात्र इथे एक नियम मोडू नका. जिन्याच्या पायऱ्यांच्या उंचीत तीन-अष्टमांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. जुन्या फरशीवर बोर्ड आणि टाइल चढवलीत तर लँडिंग पाऊण इंच वर येतं, म्हणजे वर जाणारी पहिली पायरी लहान होते आणि खाली उतरणारी पहिली पायरी मोठी, आणि अंधारात पाय नेमका तिथे चुकतो. शिवाय दार घासायला लागतं. म्हणून एकतर जुनी फरशी पूर्ण काढून तेवढ्याच जाडीची नवी बसवा, किंवा अॅस्बेस्टॉसमुळे काढता येत नसेल तर चिकटवायची पातळ व्हिनाइल घ्या. चकचकीत पॉलिशवाली नको, जानेवारीत बुटांना चिकटून बर्फ आत येतो.

दार स्टीलचं असेल आणि कुठे गंजलेलं नसेल तर बदलू नका. धुवा, हलकं घासा, बाहेरच्या वापराचा अॅक्रिलिक रंग द्या, सकाळी लवकर सुरू करा म्हणजे संध्याकाळी दार बंद करेपर्यंत सुकतं. दार दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल आणि त्याच्या बाहेर काचेचं दुसरं दार, म्हणजे स्टॉर्म डोअर असेल तर गडद रंग टाळा, मधली हवा उन्हात फार तापते. पितळी हँडल बदलताना जुन्याच्या मधल्या भोकापासून दाराच्या कडेचं अंतर मोजून न्या, ते सव्वादोनच्या थोडं वर किंवा पावणेतीन इंच असतं, बरीचशी नवी कुलुपं दोन्हीला जुळतात पण सगळी नाही. बाजूच्या काचेच्या पट्टीला दुधी फिल्म लावा, उजेडही येतो आणि आतलं दिसत नाही.

शेवटी चपला, आपल्या घरांत या एंट्रीचा खरा प्रश्न तोच. लँडिंगवर रॅक ठेवलं की दार पूर्ण उघडत नाही, म्हणून दार उघडताना फरशीवर जो अर्धगोल पडतो तो आधी खडूने आखा आणि त्याच्या बाहेर काय उरतं बघा. भिंतीला लावायचं सात-आठ इंच खोलीचं पातळ शू कॅबिनेट आयकियात मिळतं, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरातल्या दुकानातून आणता येतं, ते बहुतेक घरांत बसतं, फक्त स्टडला पक्कं करा. तिथे रोजच्याच चार जोड्या, बाकी सगळं खालच्या जिन्याच्या पायथ्याशी, तिथे जागा असते आणि वरून दिसत नाही. लँडिंगवर बसून बूट घालायला स्टूल ठेवू नका, वरच्या जिन्याची दुसरी पायरी त्याच उंचीची आहे. आणि दिवाळीला किंवा गणपतीला घर भरणार असेल तर त्या दिवसापुरती कोटांसाठी घडीची हँगर रॅक खालच्या फॅमिली रूममध्ये लावा आणि मुलांपैकी कुणाला तरी दारात उभं करून लोकांना एक एक करून आत घ्यायला सांगा.