साहेब परस्पर ग्राहकाला फोन करून सूट देतात: माझा अनुभव

लक्षण असं: सौदा शेवटच्या टप्प्यात आला की आमचे डायरेक्टर मला न सांगता ग्राहकाला फोन करायचे आणि मी महिनाभर धरून ठेवलेली किंमत दोन मिनिटांत खाली आणायचे. पुढच्या वेळी ग्राहक थेट त्यांनाच गाठणार. डोकं फिरायचं.

मॅनेजरकडे तक्रार केली, उपयोग शून्य. मग साहेबांपासून सौद्याची माहिती लपवली. त्यामुळे त्यांची धाकधूक वाढली आणि फोनही वाढले (ही चूक माझीच).

कामी आलं ते या क्रमाने. आधी, दर सोमवारी त्यांनी विचारण्यापूर्वीच प्रत्येक मोठ्या सौद्यावर पाच ओळींचा मेल: निर्णय कोणाचा, अडलंय कुठे, काय कबूल केलंय, किमान किंमत, पुढची तारीख. मग त्या किमान किमतीला त्यांचीच लेखी मंजुरी. सूट द्यायचीच झाली तर बदल्यात आगाऊ रक्कम किंवा मोठी ऑर्डर मागायची, हेही त्याच मेलमध्ये. त्यानंतर त्यांना एक नेमकं काम दिलं: ग्राहकाच्या मालकांची भेट, मी सोबत. किमतीचा विषय निघाला की त्यांनी माझ्याकडे बोट दाखवायचं. हे भेटीआधी गाडीतच ठरवून घ्या, आत गेल्यावर जमत नाही.

नंतरच्या तीन सौद्यांत साहेबांनी ग्राहकाला एकदाच फोन केला, तोही मला विचारून.