मॅमथ केव्हला निघालाय? आधी गुडघ्यांची चौकशी करा

अमेरिकेत केंटकीतल्या मॅमथ केव्हला मी तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो, दुसऱ्यांदा भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन गेलो, आणि तिसऱ्यांदा मुलं हाताशी आल्यावर. उन्हाळा लागला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, ‘आम्ही चाललोय, कुठली टूर घेऊ?’ दरवेळी फोनवर अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे ‘गुहा पाहून येऊ’ हे डोक्यातून काढा. आतापर्यंत मोजून नकाशावर आणलेली गुहाच ४२६ मैलांची, म्हणजे जवळपास ६८५ किलोमीटरची आहे. जगातली ही सगळ्यात लांब ज्ञात गुहा. पर्यटकांना त्यातला अगदी थोडा भाग बघायला मिळतो, तोही रेंजरच्या, म्हणजे नॅशनल पार्कच्या वाटाड्याच्या, मागून. (उन्हाळ्यात अर्ध्या तासाची आपली आपण फिरायची एक छोटी फेरी असते, पण एवढं लांब जाऊन तेवढ्यावर परत फिरू नका.) टुरांची तोंडं वेगळी, रस्ते वेगळे आणि दिसणाऱ्या गोष्टीही वेगळ्या. त्यामुळे टूर चुकली तर तुम्ही वेगळ्याच गुहेत जाऊन आलात असं समजा.

आमचं पहिल्या खेपेला नेमकं हेच झालं. मी आपली छताला लटकणारे लवणस्तंभ डोळ्यांपुढे आणून गेले होते. नाव भारदस्त वाटलं म्हणून ‘हिस्टॉरिक टूर’ घेतली. आत गेलो तर आगगाडीच्या बोगद्यापेक्षा रुंद रस्ता, धुळकट पिवळसर भिंती, वर सपाट छत. लवणस्तंभ औषधालाही नाही! मी नवऱ्याला हळूच म्हटलंसुद्धा, ‘हे एवढंच?’ रेंजरच्या कानावर ते गेलं असावं, कारण पुढच्या थांब्यावर त्याने या कोरडेपणाचं कारणच सांगितलं.

ते कारण कळलं की टूर निवडणं निम्मं सोपं होतं. गुहा आहे चुनखडीत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. पण इथे चुनखडीच्या डोक्यावर वालुकाश्माचा जाड थर आहे, आणि तो पाणी आत येऊ देत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर गच्चीला पक्कं वॉटरप्रूफिंग आहे. जिथे ते शाबूत आहे तिथे खालच्या खोल्या ठणठणीत कोरड्या. भलेमोठे बोगदे पूर्वी जमिनीखालून वाहणाऱ्या प्रवाहांनी कोरले. पुढे ग्रीन नदीचं पात्र खाली खाली जात राहिलं, तसे प्रवाह खालच्या मजल्यावर उतरले आणि वरचे मजले रिकामे पडले. लवणस्तंभ मात्र गळतीतून, ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून होतात. ते पाहायचे तर डोंगराच्या कडेला, जिथे वरचा थर झिजून संपलाय तिथेच जावं लागतं. ‘फ्रोझन नायगारा’ आणि ‘डोम्स अँड ड्रिपस्टोन्स’ या टुरा त्या गळक्या बाजूला जातात.

तेव्हा स्वतःला पहिला प्रश्न विचारा: मला गळकी खोली बघायचीय की कोरडी? दुसरा प्रश्न, सोबतच्या मंडळींपैकी सगळ्यात कुरकुरे गुडघे कोणाचे?

आमच्याकडे ते आईचे. तिच्यासाठी ‘फ्रोझन नायगारा’ घेतली. सव्वा तासाची टूर, चालणं पाव मैल आणि पायऱ्या फक्त १२. व्हिजिटर सेंटरवरून बसने नेतात आणि डोंगराच्या बाजूच्या एका दारातून आत सोडतात. आत गेल्यावर पाच मिनिटांतच ‘नायगारा’ समोर येतो. धबधबा कोसळता कोसळता दगड झाला असावा, तसा तो दिसतो. खाली ‘ड्रेपरी रूम’मध्ये उतरायला आणखी ४९ पायऱ्या आहेत, तेवढ्याच परत चढायच्या, पण त्या ऐच्छिक. आई वर कठड्याशी थांबली, आम्ही उतरून मान वर करून पाहिलं. दगडाचे पडदे, अगदी निऱ्या घातल्यासारखे. वर आलो तर आई एका बोटभर लवणस्तंभाकडे टक लावून उभी. त्याच्या टोकाला थेंब लटकला होता. पडेना, हलेना. ‘मघापासून बघतेय, हा काही पडत नाही,’ ती म्हणाली. रेंजरने टॉर्च धरला तेव्हा थेंबाच्या आत प्रकाश उलटा दिसला. आम्ही निघालो तरी तो तसाच होता.

बाबांचा प्रश्न वेगळा. पार्किंगमध्येच त्यांनी विचारलं होतं, ‘ही कोणी कोरली?’ गुहा म्हटलं की आपल्या माणसाला आधी लेणी आठवतात. कोणी कोरली नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह थोडा मावळला. मग दुसऱ्या दिवशी आईला आराम करायला सोडून मी त्यांना त्याच ‘हिस्टॉरिक टूर’वर घेऊन गेले, जिच्यावर मी पूर्वी नाराज झाले होते. आणि बाबा खूश!

कारण ही टूर दगडांची नाहीच, माणसांची आहे. दोन तास, दोन मैल, ५४० पायऱ्या. सुरुवातीलाच लाकडी हौद आणि लाकडाचेच पोकळ नळ दिसतात. १८१२ च्या युद्धाच्या वेळी तोफांच्या दारूसाठी इथल्या मातीतून सोरा काढत, तो गुलामांच्या हातून. हवा इतकी कोरडी की दोनशे वर्षांनंतरही ते लाकूड कुजलेलं नाही. म्हणजे पुन्हा ते वॉटरप्रूफिंगच. पुढे ‘बॉटमलेस पिट’, म्हणजे बिनतळाचा खड्डा येतो. तळ आहे, शंभरेक फुटांवर. पण १८३८ पर्यंत तो ओलांडून कोणी गेलं नव्हतं. तो ओलांडला स्टीफन बिशप नावाच्या तरुणाने. तोही गुलाम, मालकाने वाटाड्या म्हणून आणलेला. त्याने पुढचे कित्येक मैल शोधले आणि गुहेचा नकाशा आठवणीतून काढला, तो १८४५ मध्ये छापला गेला. स्वातंत्र्य मिळालं १८५६ मध्ये आणि पुढच्याच वर्षी तो वारला. बाबा त्या कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिले, मागची मंडळी खोळंबली.

याच वाटेवर ‘फॅट मॅन्स मिझरी’ आहे. नावातच सगळं आलं. वाट नागमोडी, कमरेखाली अरुंद आणि वरून छत बुटकं. पोट आत, मान खाली, आणि एक पाऊल दुसऱ्यापुढे. इथल्या भिंतीवर हात ठेवून बघा. जवळजवळ दोन शतकं लोकांच्या कमरा घासून दगड उंबरठ्यासारखा गुळगुळीत झालाय. तिथून सुटलं की ‘ग्रेट रिलीफ हॉल’ लागतो, आणि सगळे एकदम हुश्श करतात. एवढं सांगायचं कारण, ज्यांना बंद जागेची धास्ती आहे त्यांनी ही टूर घेण्याआधी विचार करावा. मध्येच ‘मी परत जाते’ असं म्हणून चालत नाही. शेवटी ‘मॅमथ डोम’ नावाच्या उंच पोकळीत लोखंडी जिन्याचा मनोरा चढायचा असतो. आणि बाहेर आलो, संपलं, असं वाटतं तिथून व्हिजिटर सेंटरपर्यंतचा चढ बाकी असतो. माझ्या मते खरा दम तोच काढतो. पाण्याची बाटली त्यासाठी राखून ठेवा.

मुलांबरोबरच्या खेपेला ‘डोम्स अँड ड्रिपस्टोन्स’ केली. दोन तास, पाऊण मैल, पण जवळपास ५०० पायऱ्या, आणि त्यातल्या २८० च्या आसपास सुरुवातीलाच खाली उतरायच्या. अरुंद, ओल्या, वळणावळणाच्या. दोन्ही बाजूंना खोल विहिरीसारखे उभे खड्डे आणि डोक्यावर ठिबकणारं पाणी. मुलांना तेच सगळ्यात आवडलं. दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर माझं मत हिलाच. शेवटी तुम्ही फ्रोझन नायगाऱ्यापाशीच निघता, त्यामुळे दोन्ही टुरा घ्यायचं कारण नाही. ही चूक बरेच जण करतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘ग्रँड अव्हेन्यू’ चार तास, चार मैल, दीड हजाराच्या आसपास पायऱ्या. नेहमी ट्रेक करणाऱ्यांसाठी. ‘व्हायलेट सिटी लँटर्न’ तीन तासांची, विजेचे दिवे नाहीत, कंदिलाच्या उजेडात तीन मैल. माझी राहिलीय. १८४२ मध्ये क्रोगन नावाच्या डॉक्टरने क्षयाच्या रोग्यांना बरं करण्यासाठी गुहेत ठेवलं होतं. त्यांच्या दगडी झोपड्या या टूरवर जवळून दिसतात. चुलींच्या आणि दिव्यांच्या धुराने रोगी आणखी खंगले आणि प्रयोग काही महिन्यांत गुंडाळला. ‘वाइल्ड केव्ह’ म्हणजे सहा तास रांगणं आणि सरपटणं. वय १६ पूर्ण हवं आणि छाती किंवा नितंबांचा घेर ४२ इंचांच्या आत. हे सूचना म्हणून सोडून द्यायचं नाही, वाटच तेवढी आहे. नवऱ्याला फार हौस होती. मी शिवणाची टेप काढली. साडेत्रेचाळीस. श्वास सोडून मोजलं तरी साडेबेचाळीस. विषय संपला.

आता बुकिंग. पार्कला प्रवेश फी नाही, पैसे लागतात ते टुरांचे. त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे उपयोगाचा नाही. सीनियर पासवर टुरांना सवलत मिळते, पण तो अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तो काढता येत नाही, उगाच त्या आशेवर राहू नका. तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर काढा. उन्हाळ्यात आणि लाँग वीकेंडला तिथे जाऊन ऐनवेळी मिळेल या भरवशावर दीड-दोन तास गाडी हाकू नये. सगळ्या टुरा बारा महिने नसतात, म्हणून आधी तारीख टाका, काय उपलब्ध आहे ते बघा, आणि मगच घरात चर्चा करा. उलटं केलं की भांडणं होतात.

आणि घड्याळ! पार्क सेंट्रल टाइममध्ये आहे, लुईव्हिल शहर एक तास पुढच्या ईस्टर्नमध्ये. लुईव्हिलहून जाताना एक तास फुकट मिळतो, त्यामुळे आपण लवकर पोहोचल्याच्या आनंदात असतो. परत येताना तोच तास कापून घेतात. आम्ही एका मैत्रिणीकडे सातला जेवायला येतो सांगितलं होतं, दारात उभे राहिलो तेव्हा आठ वाजून गेले होते. नॅशव्हिलकडून येणाऱ्यांना हा ताप नाही. पार्कमध्ये फोनची रेंजही बेभरवशाची, म्हणून तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

आतलं तापमान बाराही महिने ५४ फॅरनहाइटच्या, म्हणजे १२ सेल्सिअसच्या आसपास. बाहेर उन्हाने अंग भाजत असलं तरी हातात स्वेटर ठेवा. पायात मागून-पुढून बंद, तळवा न घसरणारे बूट. साध्या पाण्याशिवाय आत काही खायचं-प्यायचं नाही, बहुतेक टुरांवर बाथरूम नाही, तेव्हा निघण्याआधी सगळ्यांना एकदा पिटाळा. स्ट्रोलर आणि पाठीवरचं फ्रेमवालं कॅरिअर चालत नाही, छत बुटकं असल्याने बाळाचं डोकं आपटतं. फ्लॅशला बंदी आहे. तशीही फ्लॅशमध्ये गुहा सपाट दिसते.

बुटांचं आणखी एक. वटवाघळांमध्ये ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ नावाचा बुरशीजन्य रोग पसरलाय, पार्कमध्ये तो २०१३ पासून आहे. म्हणून टूर संपली की साबणाच्या पाण्याने भिजवलेल्या चटयांवरून सगळ्यांना चालवतात. पूर्वी दुसऱ्या एखाद्या गुहेत घातलेले बूट-कपडे इथे घालून येऊ नका, आणि इथले दुसरीकडे नेऊ नका. मी तिसऱ्या खेपेला वेगळेच बूट नेले होते, पण मुलाने आदल्या महिन्यात दुसऱ्या गुहेत घातलेलेच पायात चढवलेले. वाटेत गाडी थांबवून नवे घ्यावे लागले.

कोणाला आत जायचंच नसेल तर त्यांना गाडीत बसवून ठेवू नका. ‘हिस्टॉरिक एंट्रन्स’च्या वरच्या पायऱ्यांपर्यंत तिकिटाशिवाय जाता येतं, फक्त जाताना उतार आहे आणि येताना तोच चढ, हे सांगून ठेवा. उन्हाळ्यात आतली जड, गार हवा त्या तोंडातून बाहेर वाहत असते. बाबा आणि मी आत गेलो होतो त्या दुपारी आई हळूहळू तिथवर आली होती. आम्ही वर आलो तेव्हा ती ऐन जुलैत स्वेटर घालून, पदर कानावरून घेऊन बसली होती, आणि शेजारच्या एका अनोळखी आजींनाही तिने आपली शाल दिली होती.